चुकलेल्या मुलाला परत घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही विचारलेलं थोडक्यात असं आहे. तुम्ही मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) तरुण संघाचं काम बघता. संघातल्या 17 वर्षांच्या एका मुलानं शिबिराच्या वर्गणीच्या पाकिटातून पैसे काढले. विचारल्यावर आधी साफ नाही म्हणाला, दुसऱ्या दिवशी रडत कबूल झाला. तो उपासनेत गिटार वाजवतो आणि लहान मुलांचा लाडका आहे. कमिटीतले काही जण म्हणतात, काढून टाका, नाहीतर बाकीची मुलं यातून काय शिकतील. काही म्हणतात, आपण ख्रिस्ती माणसं, माफ केलं की विषय संपला. तुम्हाला दोन्ही पटत नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, कृपा दाखवायची ती किती वेळा?

‘किती वेळा’ याकडे येतेच, पण मला तुमच्या पत्रात दुसरीच अडचण जास्त दिसते. कमिटीतल्या दोन्ही गटांना हे प्रकरण एका बैठकीत मिटवायचं आहे. काढलं की मिटलं, माफ केलं की मिटलं. दोन्ही वाटांनी गेलं तरी पुढचे काही महिने त्या मुलासोबत कुणालाच राहावं लागत नाही. इतकी वर्षं तरुणांमध्ये काम केल्यावर माझं मत पक्कं झालंय की दुसरी संधी ठराव करून देता येत नाही. परत येण्याची वाट पायरीपायरीनं आखून द्यावी लागते आणि त्या वाटेवर एका मोठ्या माणसाला त्याच्याबरोबर चालावं लागतं. ते काम कुणीच अंगावर घेणार नसेल, तर ‘आम्ही तुला माफ केलं’ असं म्हणूनसुद्धा आपण त्याला वाऱ्यावरच सोडतो.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. पैसे कशासाठी घेतले? मोबाइलवरच्या जुगारात तो अडकलेला असेल, कुणी त्याला धमकावून पैसे मागत असेल, घरात खायचे वांधे असतील, किंवा नुसते मित्रांपुढे मिरवायचे असतील. चोरी तीच, पण पुढचं काम प्रत्येक ठिकाणी वेगळं. पहिलीच वेळ आहे की आधीही बारीकसारीक गोष्टी नाहीशा झाल्या होत्या? घरी कळलं तर वडील रागावतील की पट्टा काढतील? मुलाच्या जवळचा, शांत डोक्याचा दुसरा कुणी प्रौढ तुमच्याकडे आहे का? यांची उत्तरं मला माहीत नाहीत, त्यामुळे खाली जे लिहितेय त्यातलं किती लागू पडतं ते तुम्हालाच ताडून बघावं लागेल.

माझ्या कामात मी तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवते: क्षमा, जागा आणि जबाबदारी. क्षमा लगेच. ती आपण कमावलेली नाही, त्यामुळे अडवून ठेवायचा अधिकारही आपला नाही. जागा, म्हणजे संघात येण्याचा, बसण्याचा, जेवणात सामील होण्याचा हक्क, शक्य तोवर काढून घ्यायची नाही. जबाबदारी मात्र थांबते आणि टप्प्याटप्प्यानं परत येते. तुमच्या कमिटीत जो वाद चाललाय तो बहुतेक या तिन्हींची गल्लत झाल्यामुळे आहे. काढा म्हणणाऱ्यांना खरं तर जबाबदारीची काळजी आहे, पण ते जागा काढून घ्यायला निघालेत. माफ करा म्हणणाऱ्यांना क्षमा द्यायची आहे, पण त्यासोबत ते जबाबदारीही जशीच्या तशी देऊन टाकतायत.

बैठकीत बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय सगळा वाचा, मधलं एखादं वचन उचलून नव्हे. लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याचं बोलणं त्यात आहे. हरवलेल्या मेंढराला शोधायला जाणारा मेंढपाळ आहे. अपराध करणाऱ्या भावाशी आधी एकट्यानं, मग दोघा-तिघांसोबत, मग मंडळीसमोर बोलायचा क्रम आहे. आणि भावाला किती वेळा क्षमा करायची, ‘सात वेळा का?’ हा येशूचा शिष्य पेत्र याचा प्रश्न व त्याचं उत्तरही तिथंच आहे. संघात मी पाहते की काही जणांना जात्याची तळी तेवढी पाठ असते आणि काहींना ‘सातांच्या सत्तर वेळा’ एवढंच. येशूनं ते एका दमात सांगितलं आहे. लहानांचं रक्षण आणि चुकलेल्याचा शोध यांतलं एक निवडून दुसरं सोडायची मुभा त्या अध्यायात मला तरी सापडत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं. पहिली भेट लवकर घ्या, बैठकीच्या आधी. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर नको, फोनवर नको. दार उघडं असलेल्या खोलीत, तुम्ही आणि त्याचा विश्वास असलेला आणखी एक मोठा माणूस, इतकंच. मी अशा वेळी सुरुवात एकाच वाक्यानं करते: ‘‘आपण काहीही बोललो तरी येत्या रविवारी तू इथं यायचं आहेस.’’ हे आधी सांगितल्याशिवाय मूल खरं बोलत नाही. ते उत्तर देत नसतं, स्वतःला वाचवत असतं. तुमच्या संघातला हा मुलगा आधी ‘नाही’ म्हणाला, त्याचं मला फारसं नवल वाटलं नाही. भीतीनं मारलेली थाप आणि योजून रचलेलं खोटं यांत फरक आहे, आणि तो पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही.

मग मी विचारते, काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग. मधे बोलत नाही. नंतर एकच प्रश्न: ‘‘यातलं आम्हाला अजून माहीत नाही असं काही आहे?’’ आणि गप्प बसते. ही शांतता अवघड असते, पण ती भरून काढायची घाई करू नका. एका मुलानं या प्रश्नानंतर बराच वेळ टेबलाच्या कडेवरचा रंग नखानं खरवडला आणि मग सांगितलं की पैसे घेतले ते मोठ्या भावाचं देणं फेडायला, आणि ती माणसं घराच्या कोपऱ्यावर उभी राहतात. त्यानंतर बोलायचा विषय चोरी उरला नव्हता.

एक सावधगिरी. ‘हे कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘‘ज्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांनाच सांगेन, आणि सांगायच्या आधी तुला कल्पना देईन,’’ इतकंच म्हणा, आणि ते पाळा. आईवडिलांना सांगावंच लागतं, पण घरी मारहाणीचा धोका वाटत असेल तर त्या वेळी तुम्ही स्वतः हजर राहा.

या आठवड्यात त्याच्याकडे लक्ष ठेवा, हे मी अगदी कळकळीनं सांगते. सगळ्यांत नाव खराब झालेलं या वयातलं मूल फार खोल जातं. ‘मी वाईट केलं’ यातून वाट निघते; ‘मी वाईट आहे’ यात ते अडकून पडतं. तो जेवत नाही, झोपत नाही, स्वतःला संपवण्याबद्दल अर्धवट काही बोलतो, आपल्या वस्तू वाटायला लागतो, असं काही दिसलं तर शिस्तीचं सगळं बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. प्रार्थना कराच, पण प्रार्थना झाली म्हणून डॉक्टरांकडे जायचं टाळू नका.

जबाबदारीचं कसं करायचं? जिथं विश्वास तुटला तीच जबाबदारी सगळ्यांत आधी थांबते आणि सगळ्यांत शेवटी परत येते. म्हणजे पैशांशी त्याचा संबंध पूर्ण बंद, निदान वर्षभर तरी. गिटारचं मी वेगळं धरते. गिटारनं काही चोरलेलं नाही. तरीही सगळ्यांसमोर उभं राहून उपासना चालवणं काही आठवडे थांबावं असं मला वाटतं, आणि कारण त्याला स्पष्ट सांगावं: आत इतकं ओझं असताना लोकांपुढे हसऱ्या तोंडानं उभं राहायला लावणं त्याच्यावरच अन्याय आहे. सराव मात्र चालू राहू दे. तो येईल, तारा लावेल, बाकीच्यांसोबत वाजवेल.

या काळात त्याच्या हाताला काम द्या, पण शिक्षेचं नको. पुष्कळ संघांत चुकलेल्या मुलाला खुर्च्या उचलायला आणि झाडू मारायला लावतात. तेच काम दर आठवड्याला न सांगता करणारी दोन-तीन मुलं संघात असतातच. आपण त्यांच्या सेवेची शिक्षा करून टाकतो. त्याला कुणाच्या तरी जोडीला द्या. साउंडच्या वायरी गुंडाळताना शेजारी बसलेल्या दादाशी पोरं जे बोलतात ते समोरासमोर बसवून विचारलं तर बोलत नाहीत.

पैसे परत यायलाच हवेत. जकातदार जक्कयाची गोष्ट आपण कृपेची म्हणून सांगतो, ती आहेच. येशू आधी त्याच्या घरी गेला. पण त्या गोष्टीत जक्कय उभा राहून ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट देईन असं म्हणतो, ते आपण पटकन वाचून पुढे जातो. जुन्या करारातल्या गणना पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातला नियम घेतलेलं पुरतं परत करून वर पाचवा हिस्सा द्यायला सांगतो. मी मुलांकडून वर काही मागत नाही, पण मूळ रक्कम सोडतही नाही. आईवडिलांनी दुसऱ्याच दिवशी सगळे पैसे आणून टेबलावर ठेवले तर मी हात जोडून परत देते. त्यांना लाज लपवायची असते हे समजतं, पण त्यात मुलाला करण्यासारखं काही उरत नाही. त्याच्या खर्चाच्या पैशांतून, सुट्टीत केलेल्या कामातून, छोटे हप्ते ठरवा. ते वहीत लिहा, प्रत्येक हप्त्यापुढे त्याची आणि तुमची सही. घरची ओढाताण असेल तर रक्कम इतकी लहान ठेवा की त्यानं जेवण सोडू नये. कमिटीला पैसे ताबडतोब हवे असतील तर मंडळीतल्या कुणीतरी आज भरावेत आणि मुलानं त्यांना फेडावेत. दास अनेसिमानं काही देणं लागत असेल तर ते माझ्या खाती मांड, मी फेडीन, असं प्रेषित पौलानं त्याच्या मालकाला, फिलेमोनाला, स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं. कृपा फुकट मिळते, पण तिची किंमत कुणीतरी उचललेली असते, हे मुलानं डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

माफी मागण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथंच सगळ्यांत जास्त उरकून टाकलं जातं. आमच्या संघातल्या एका मुलीनं मैत्रिणीचे खाजगी मेसेज सगळ्या ग्रुपवर टाकले होते. तिनं माफीची चिठ्ठी लिहून आणली: ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी.’ मी पेन्सिल दिली आणि विचारलं, तिला वाईट वाटलं की नाही हे तुला माहीत नाही का? तिनं ‘असेल तर’ खोडलं. मग खाली लिहिलं होतं, ‘मी त्या दिवशी खूप रागात होते.’ तेही तिनं बघितलं आणि स्वतःच खोडलं. शेवटी चिठ्ठीत तीनच गोष्टी उरल्या: मी काय केलं, त्यानं तुझं काय झालं, आणि मी आता काय करणार आहे. मैत्रिणीला चिठ्ठी देताना मी तिला सांगितलं, वाचायची की नाही ते तू ठरव, उत्तर द्यायचं बंधन नाही. तिनं घेतली आणि कित्येक महिने त्यावर एक शब्द बोलली नाही. आम्हीही विचारलं नाही. ज्याचं नुकसान झालं त्याच्या क्षमेची घाई करणं हा कृपेच्या नावाखाली केलेला दुसरा अन्याय असतो.

तुमच्या प्रसंगात ज्यांनी वर्गणी भरली ते संघातलेच आहेत आणि ज्याच्या ताब्यात पाकीट होतं त्याच्यावर बहुधा आधी संशय गेला असेल. त्या माणसाची माफी सगळ्यांत आधी मागायला हवी. ते नेहमी राहून जातं.

या सगळ्याला शेवटची तारीख हवी. करिंथच्या मंडळीत शिस्त लावलेल्या एका माणसाबद्दल पौल दुसऱ्या पत्रात लिहितो की बहुतेकांनी दिलेली शिक्षा त्याला पुरे आहे. आता क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो अति दुःखात बुडून जाईल. शिस्त लावायला सांगणारी मंडळी पुष्कळ पाहिली, ‘आता पुरे’ म्हणणारी थोडी. तारीख नसली तर काय होतं? वर्षभरानं दुसरंच काही हरवतं आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. म्हणून पहिल्याच दिवशी कागदावर लिहा: या तारखेला आपण भेटू, तोवर हे-हे झालं असेल तर गिटार परत, आणि त्यानंतर हा विषय कुणीही त्याच्यासमोर किंवा मागे काढणार नाही. मग ते पाळायला कमिटीला भाग पाडणं तुमच्याकडे.

इथं कुणीतरी पेत्राचं उदाहरण देईल. ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणून येशूला नाकारून फार काळ लोटलाही नव्हता आणि त्याला ‘माझी मेंढरं चार’ म्हणून जबाबदारी मिळाली, मग आपण आठवडे का मोजायचे? आक्षेप चांगला आहे. पण तो प्रसंग सावकाश वाचा. पेत्रानं नाकारलं ते कोळशांच्या विस्तवाशी शेकत असताना. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या किनाऱ्यावरही येशूनं कोळशांचाच विस्तव पेटवला होता. आधी खायला दिलं, मग विचारलं, आणि तीनदा विचारलं, इतकं की पेत्र दुःखी झाला. नाकारणं झाकून ठेवलेलं नाही, आणि त्यावरून त्याची अब्रूही काढलेली नाही. शिवाय लूकाच्या 22 व्या अध्यायात येशूनं हे घडायच्या आधीच पेत्राला सांगून ठेवलं होतं की तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. पडायच्या आधी परतीचं बोलणं झालं होतं. हे मी संघात मुद्दाम करते. नवी मुलं आली की पहिल्या महिन्यातच सांगते, तुमच्याकडून इथं कधीतरी मोठी चूक होईल. झाली की लपून बसू नका, मला किंवा या ताईला गाठा, तुमची जागा जाणार नाही. संकटात सापडलेली मुलं नंतर येऊन सांगतात की ते वाक्य आठवलं म्हणून आलो.

कमिटीसाठी मला योहान मार्कचा प्रसंग जास्त उपयोगी वाटतो. पौल आणि बर्णबा यांच्यासोबत सुवार्तेच्या प्रवासाला निघालेला तो पंफुल्या प्रांतातून त्यांना सोडून परत गेला. पुढच्या प्रवासात बर्णबाला तो हवा होता, पौल अडून बसला, आणि वाद इतका वाढला की दोघे वेगळे झाले. कोण बरोबर होतं हे प्रेषितांची कृत्यं लिहिणारा लूक सांगत नाही. बर्णबा मार्कला घेऊन कुप्र बेटावर गेला. बर्णबा मूळचा तिथलाच आणि मार्क त्याच्या नात्यातला, म्हणजे ओळखीचा मुलूख आणि जीव लावणारा माणूस, दोन्ही त्याला मिळालं. पुढे पौलच कलस्सैकरांना लिहितो की तो आला तर त्याचं स्वागत करा, आणि तीमथ्याला लिहितो की मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. पौल स्वतः यरुशलेमेत आला तेव्हा शिष्य त्याला भीत होते आणि त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेणारा हाच बर्णबा होता, हे विसरू नये. तुमच्या बैठकीत पौलासारखे कडक लोक असणारच, आणि कामाची काळजी वाहायला ते हवेतही. पण बर्णबा कोण होणार हे ठरल्याशिवाय बैठक संपवू नका. नाव घ्या. ‘आपण सगळे त्याच्यासोबत आहोत’ असं ठरलं की त्याला फोन कुणीच करत नाही.

त्याला व्यासपीठावर उभं करून साक्ष द्यायला लावू नका. कोणी कितीही प्रेमानं सुचवलं तरी नको. 17 वर्षांच्या मुलानं माइकवर सांगितलेली चोरी कुणीतरी मोबाइलवर टिपतं आणि ती त्याच्या नोकरीच्या, लग्नाच्या वेळी पुन्हा वर येते. बाकीची मुलंही चुकीचं शिकतात: मोठं पाप करा, मोठी साक्ष मिळते, टाळ्या मिळतात. बदल टिकला तर कैक वर्षांनी तो स्वतःहून बोलेल किंवा बोलणार नाही. ती गोष्ट त्याची आहे, संघाची नाही.

संघाला थोडं आणि खरं सांगा. ‘‘शिबिराच्या पैशांबाबत जे झालं ते आम्हाला समजलंय, ते भरून येतंय, पाकीट सांभाळणाऱ्याची यात काही चूक नव्हती. यावर ग्रुपवर चर्चा नको. कुणाच्या मनात काही असेल तर माझ्याशी येऊन बोला.’’ आणि मग खरंच जी मुलं येतील त्यांचं ऐका. त्यांत एक तरी असं असेल की जे कधी चुकलं नाही, वेळेवर येतं, वर्गणी भरतं, आणि आता विचारतं, आम्ही नीट वागतो त्याचं काय? त्याला गप्प करू नका. लूकाच्या 15 व्या अध्यायातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीत बाप दोन्ही मुलांसाठी घराबाहेर येतो, मोठ्यासाठीसुद्धा. तो मोठा शेवटी आत गेला की नाही हे गोष्टीत सांगितलेलं नाही. तुमच्या संघातल्या अशा मुलांना या महिन्यात वेळ द्या. सगळं लक्ष चुकलेल्यावर खर्च झालं तर ती हळूच यायची बंद होतात आणि त्यांच्यासाठी कुणी बैठकही बोलावत नाही.

एक गोष्ट बोलायला कठीण आहे, पण बोलते. हा मुलगा गिटार वाजवत नसता, मागच्या बाकावर बसणारा, कुणाच्या फारसा लक्षात न राहणारा असता, तर तुमच्या कमिटीत हा वाद झाला असता का? माझा अनुभव आहे की गुणी मुलांना आणि वडीलजनांच्या मुलांना संधी पटकन मिळते. गप्प मुलांना नियम लागतो. आणि मुलींना तर सगळ्यात आधी. एखाद्या जोडीचं प्रकरण बाहेर आलं की मुलगा दोन महिन्यांनी पुन्हा ड्रम वाजवताना दिसतो आणि मुलीनं मंडळी बदललेली असते. योहानाच्या 8 व्या अध्यायात व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला एकटीलाच मध्ये उभं केलंय. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकातला नियम दोघांबद्दल बोलतो. पुरुष त्या अंगणात नाहीच. त्या दिवशी दगड घेऊन आलेल्यांना ही उणीव दिसली नाही आणि आपल्यालाही सहसा दिसत नाही. म्हणून या मुलासाठी जी वाट आखाल ती लिहून ठेवा आणि पुढचं मूल कुणाचंही असो, तीच वापरा.

आता तुमचा ‘किती वेळा’. क्षमेला मोजमाप नाही, ते उत्तर पेत्राला मिळालेलं आहे. पण पुन्हा घडलं तर तीच जबाबदारी त्याच पद्धतीनं परत द्यायची नाही. दुसऱ्यांदा घडलं की मी संधीचा विचार थांबवते आणि मदतीचा करते: व्यसन आहे का, कर्ज आहे का, कुणी वापरून घेतंय का, समुपदेशक लागेल का. जागा तशीच, वाट मात्र लांब आणि सोबत जास्त जवळची. पश्चात्ताप खरा की नाही हे अश्रूंवरून मी ठरवत नाही. काही मुलं सहज रडतात, काही दगडासारखी बसतात आणि आतून पार बदललेली असतात. मी बघते की न सापडलेला भागही त्यानं सांगितला का. घातलेल्या मर्यादेवर तो घासाघीस करतो का. ज्याचं नुकसान झालं त्याच्याबद्दल आपणहून विचारतो का. आणि गिटार हातात नसलेल्या रविवारीही येतो का. शेवटची खूण मला सगळ्यांत भरवशाची वाटते.

वर लिहिलेली वाट काही गोष्टींना लागू होत नाही, हे स्वच्छ सांगते. लैंगिक अत्याचार, मारहाण, लहानांना अमली पदार्थ पुरवणं, कुणाचे फोटो काढून धमकावणं, असं काही समोर आलं तर ते संघात मिटवायचं नाही. पीडित मुलाला आधी सुरक्षित करा आणि पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवा. अनेक देशांत कायद्यानं ते बंधनकारक आहे. स्वतः उलटतपासणी करू नका, दोघांना समोरासमोर बसवून समेट तर मुळीच करू नका, पीडिताला ‘क्षमा कर’ असं सुचवूही नका. करणारा स्वतः अल्पवयीन असेल तरी कळवायचंच. त्याची काळजी वेगळ्या माणसानं, वेगळ्या ठिकाणी घ्यायची. करणारा प्रौढ असेल, मग तो पुढारी असो की स्वयंसेवक, तो मुलांमधल्या कामात पुन्हा कधीही येणार नाही. देवाची क्षमा त्याला मिळू शकते, मोठ्यांच्या मंडळीत, देखरेखीखाली त्याची सोबतही करता येईल. मुलांच्या जवळ जाण्याचा मार्ग मात्र त्या क्षमेत येत नाही. ‘कृपा’ हा शब्द वापरून अशी प्रकरणं झाकली गेली की त्या मुलांच्या मनातून मंडळी तर जातेच, बऱ्याचदा देवही जातो.

आणि ते पाकीट. रोख पैसे एका माणसाच्या ताब्यात, न मोजलेले, कुलूप नसलेल्या कपाटात होते असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. मुलाची चूक त्यानं कमी होत नाही, पण ही व्यवस्था आपली होती. यापुढे पैसे दोघांनी मिळून मोजायचे, लगेच पावती फाडायची, त्याच दिवशी खजिनदाराकडे किंवा बँकेत द्यायचे, आणि जमेल तिथं वर्गणी थेट खात्यावर घ्यायची. हा बदल त्या मुलाचं नाव न घेता, सगळ्यांसाठी म्हणून जाहीर करा.

बैठकीला जाताना एक पानाचा कागद सोबत न्या. त्यावर सोबत राहणाऱ्या माणसाचं नाव, हप्त्यांचा हिशेब, थांबवलेल्या जबाबदाऱ्या आणि आढाव्याची तारीख, एवढं पुरे. आधी मुलाला तो वाचून दाखवा आणि त्याला काय जमेल, काय जमणार नाही ते विचारा. हप्ता त्यानं स्वतः सांगितलेला असला तर बहुधा टिकतो. कमिटी तारखेवरून अडेल असं मला वाटतं, ‘बघू पुढे’ म्हणतील. तिथं मात्र तुम्ही हटू नका.